किंदळाचं तीर्थ

इब्रामपूरच्या माळावर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं, आकाशात ढगाचा पत्ता नव्हता, आणि किंदळाच्या झाडाखाली दोनशे माणसं तोंडं वर करून भिजत होती. कोणी बालदी आणलेली, कोणी बाटल्या. बुंध्याशी गादीवर जलानंद महाराज बसले होते.

"देवी रडतेय भक्तांनो. ज्याचं पाप हलकं, त्याच्यावर थेंब पडेल. तीर्थ प्या, गोळ्या-सुया फेकून द्या. अमेरिकेचे शास्त्रज्ञ इथं हात टेकून गेले."

अमेरिकेचा कोण, कधी आला, हे विचारायला तोंड मोकळं हवं ना. सगळी आ वासून उभी.

अंगणवाडीतल्या शेवंतीबाईचा मात्र पाय एका जागी ठरत नव्हता. तिचा नवरा मधुकर बाटली घेऊन पहिल्या रांगेत होता. नऊ दिवस त्याने इन्सुलिन घेतलं नव्हतं आणि पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडू लागली होती. उशीर केलात तर बोट कापावं लागेल, असं डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं होतं.

त्याहून जिवाला खात होती दुसरीच गोष्ट. ही जत्रा तिनेच भरवली होती.

तिचा एक गट होता. पक्षी, फुलपाखरू, किडा, काहीही दिसलं की फोटो काढायचा, तारीख आणि जागा लिहून फोनवर टाकायचं. तीन आठवड्यांपूर्वी तिने या झाडाचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, 'ऊन असून किंदळ ठिबकतोय. हे पाणी कशाचं?' उत्तर आलं नाही. व्हिडिओ मात्र गावोगाव फिरला, त्यावर भजन चढलं, आणि पाचव्या दिवशी महाराजांची जीप आली.

काल रात्री गटातल्या वास्कोच्या ऋतिकाचा निरोप आला. किड्यांचा तिला भारी नाद. 'बाई, फांदीवर थुंकीसारखा फेस दिसता काय? पुसून बघा.' शेवंती आज उजाडताच ओहळाकाठच्या दुसऱ्या किंदळाकडे धावली होती. तिथे ना आरती, ना महाराज, तरी झाड ठिबकत होतं. फेस पुसला आणि ठिबक थांबली.

आता ती ओला पंचा घेऊन पुढे झाली.

"म्हाराज, देवीची फांदी पुसून सेवा करू?"

"कर माते, कर."

मधुकरच्या डोक्यावर लोंबणारी फांदी तिने टोकापर्यंत पुसली. मधुकर बाटली धरून उभाच राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एक थेंब पडेना.

"पापी हात लागला," महाराज गरजले. "देवी कोपली."

"मगे शेजारची फांदी तुमी पुसा. तुमचो हात तरी पवित्र असा मां?"

महाराजांना एकाएकी ध्यान लागलं. शेवटी गर्दीतले म्हातारे दत्ताराम पुढे झाले. "माझो हात साधो, शेतकऱ्याचो," म्हणत त्यांनी पंचा फिरवला. तीही फांदी कोरडी. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

शेवंतीने पंचा उलगडला. फेसात नखाएवढे हिरवट किडे वळवळत होते.

"हे सोंड खुपसून दिवसभर झाडाचा रस ओढतात. त्यात जवळजवळ सगळं पाणीच, म्हणून मागून सोडत राहतात. हजारो जमले की झाड ठिबकतं. तुमी पिताय तां किड्यांचा मूत."

कोणीतरी खाकरून थुंकलं. बालद्या पालथ्या झाल्या. तेवढ्यात महाराजांची जीप सुरू झाल्याचा आवाज आला. ध्यान बहुतेक जीपमध्येच पुरं होणार होतं.

शेवंती गर्दीकडे वळली. "चूक माझीपण असा. मी प्रश्न विचारला, पण फांदी वाकवून बघितलं नाही. तुम्ही व्हिडिओ पुढे धाडलात आणि प्रश्न तेवढा कापलात. पुढच्या वेळी नवल दिसलं तर हात जोडा, माझं काही म्हणणं नाही. पण आधी फांदी पुसून बघा. आणि औषध सोडायचं तर डॉक्टराक विचारून."

मधुकर खाली बघत होता, आपल्या अंगठ्याकडे. बाटली त्याने केव्हाच टाकली होती.

"शेवंती," तो हळूच म्हणाला, "सुई खंय ठेवलंस?"

"फ्रिजात. नऊ दिवस थंयच असा. चला, आधी डॉक्टराकडे."