बायकांचं धरत नाहीत

माईंना भात चालत नाही, ही त्या घरातली अडीच वर्षांची चेष्टा होती. ज्या बाईने पस्तीस वर्षं रोज पातेलंभर भात शिजवला, तिने स्वतः मात्र चहात पाव बुडवून दुपार काढावी, याचं कारखान्यातल्या माणसांना मोठं नवल वाटे. माईंनी या वयात फिगर सांभाळायला घेतली, असं एक जण म्हणे. मिस्त्री म्हणत, पित्त आहे तिला. माईही तेच सांगत. पित्त हा मोठा सोयीचा आजार आहे, त्याला कुणी पुरावा मागत नाही.

कारखाना खाली आणि घर वर. मिस्त्री म्हणजे माईंचे यजमान, लाकडी खुर्च्या करण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. हाताखाली दोन मुलगे आणि चार कामगार, असे एकूण सात पुरुष. खुर्चीच्या सांध्याला एकदा सरस लावला की लगेच शिकंजा आवळावा लागतो आणि सरस धरेपर्यंत जागचं हलता येत नाही. त्यामुळे सगळे एकदम जेवायला कधीच येत नसत. एकाचा सांधा धरला की तो वर यायचा, दुसऱ्याचा धरला की दुसरा. साडेबाराला सुरू झालेलं जेवण तीन-साडेतीनपर्यंत रेंगाळायचं. शेवटच्या माणसाने हात धुतल्याशिवाय घरातल्या बाईने ताट घ्यायचं नाही, हे वळण होतं. कोण किती खाईल याचा नेम नसतो, मग आधी बायकांनी कसं जेवावं, असा त्यामागचा विचार होता. विचार कुणाचा, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तांदूळ मोजायला पितळेची एक वाटी होती. माई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी ती त्यांच्या हातात दिली आणि हिशेब सांगितला: माणशी एक वाटी, बायकांचं धरत नाहीत. बायकांपुरतं उरतंच. तेही खोटं नव्हतं. उरायचं काहीतरी. कधी दोन मुठी भात उरे, कधी पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड उरे. ती पाणी घालून उलथण्याने सोडवायची आणि डाळीच्या भांड्यात बोटं फिरवून खायची. त्या घरात कुणी कुणाला उपाशी ठेवत होतं असं कुणालाच वाटत नसे, आणि यातली सगळ्यात भयंकर गोष्ट तीच आहे.

त्या दिवशी सकाळी नर्सबाई आल्या. धाकट्या सुनेला पाचवा महिना चालू होता. नर्सबाईंनी तिच्या बोटाला सुई टोचली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. धाकटीचं तोंड लाकडाच्या भुशासारखं फिकट दिसत होतं, पण ती हसून म्हणाली की मी बरी आहे. जेवण नीट होतं का, असं विचारल्यावर तिने सगळं जेवते म्हणून सांगितलं. नर्सबाई जुन्या होत्या. त्यांनी तिचा नाद सोडला आणि तांदूळ निवडत बसलेल्या माईंकडे मोर्चा वळवला.

"रोज किती तांदूळ लावता?"

"सात वाट्या."

"आणि घरात माणसं किती?"

"सात," माई म्हणाल्या. मग त्यांनी उगाचच खुलासा केला, "म्हणजे आम्ही दोघी सोडून. बायकांचं धरत नाहीत."

पस्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी परक्या माणसासमोर कधी उच्चारलं नव्हतं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते त्यांनी स्वतःच्याच कानांनी ऐकलं आणि निवडायचे तांदूळ तसेच राहिले.

नर्सबाई आवाज न चढवता म्हणाल्या, "मोठ्या सुनेच्या वेळीही मीच येत होते. तिच्याही अंगात रक्त नव्हतं आणि तीही सगळं जेवते म्हणायची. मी तेव्हा विश्वास ठेवला. या वेळी नाही ठेवणार. हिला आधी वाढा. नाहीतर हिचंही तेच होईल."

त्या गेल्या. धाकटी कपडे वाळत घालायला निघून गेली आणि माई स्वयंपाकघरात एकट्या उरल्या. एकट्या म्हणायचं, इतकंच. थोरली सून जाऊन अडीच वर्षं झाली होती, पण ओट्याच्या त्या कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून ती अजून उभी असे. काही मागत नसे, काही बोलत नसे. भाताला उकळी आली की मात्र तिचं असणं माईंच्या अंगावर येई.

शेवटच्या दिवशी थोरलीने भात मागितला होता. आठवा महिना होता. खाली मोठ्या मागणीचं काम चाललं होतं आणि माणसं एकेक करून वर येत होती. एक वाजता ती हळूच म्हणाली, आई, आज मला थोडा गरम भात द्याल का, वरचा? माई म्हणाल्या, थांब, अजून चौघं यायचीत. दोन वाजता तिने पुन्हा विचारलं. माईंनी वर न बघताच, थांब गं जरा, असं सांगितलं. त्या चिडल्या नव्हत्या, दुष्टपणाने तर मुळीच बोलल्या नव्हत्या. वाढायच्या गडबडीत जे रोज तोंडात येतं तेच आलं होतं. साडेतीनला थोरलीच्या वाटणीला खरवड आली. तिने दोन घास खाल्ले, बरं वाटत नाही म्हणून ताट झाकून फळीवर ठेवलं आणि आडवी झाली. संध्याकाळी कळा सुरू झाल्या.

रात्रभर दवाखान्यात रक्तासाठी धावाधाव झाली. सकाळी मिस्त्रींनी माईंना घरी पाठवलं, कारण कामगार येणार होते आणि स्वयंपाक व्हायचा होता. माईंच्या पोटात आदल्या दुपारपासून काही नव्हतं. फळीवर ते झाकलेलं ताट दिसलं. अन्न टाकायचं नाही, हे हाडामासात मुरलेलं. त्यांनी उभ्याउभ्याच ते खाऊन टाकलं. शेवटचा घास तोंडात होता तेव्हा फोन वाजला. बाळ आधीच गेलं होतं, आता थोरलीही गेली, असं पलीकडून धाकटा सांगत होता, आणि माईंच्या बोटांना तिच्या ताटातली शितं चिकटलेली होती.

त्या दिवसापासून भात त्यांच्या घशाखाली उतरला नाही. शीत जिभेला लागलं की पोटातून उमळून येई. जिला जिवंतपणी वरचा भात दिला नाही, तिच्या वाटणीची खरवडही आपण खाल्ली, हे कुणाला सांगणार? म्हणून त्यांनी पित्त सांगितलं.

संध्याकाळी त्यांनी मिस्त्रींपाशी विषय काढून पाहिला. धाकटीला आधी वाढलं तर, एवढंच विचारलं. मिस्त्री वाईट माणूस नव्हते. बायकोवर त्यांनी कधी हात उगारला नव्हता, सुनेला कधी अगंतुगं केलं नव्हतं. ते सहज म्हणाले की स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात, खायला नको कोण म्हणतंय? आणि माणसं राबून येतात, ती थांबतील आणि बायका जेवतील, हे बरं दिसतं का? माझी आई अशीच जेवली, तिचं काय बिघडलं? माईंना ठाऊक होतं की त्या आईच्या पाच लेकरांतली दोनच जगली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीच्याच सात वाट्या तांदूळ घेतले. भात झाला. वळणाप्रमाणे पहिलं ताट मिस्त्रींचं काढून झाकायचं असे, कारण त्यांचा सांधा नेहमी सगळ्यांच्या मागून धरायचा. माईंनी ते ताट भरलं, वाफाळता वरचा भात, डाळ, भाजी, सगळं वाढलं आणि झाकायच्या ऐवजी धाकटीसमोर ठेवलं.

धाकटी घाबरली. ती म्हणाली, "आई, मला भूक नाहीये."

"तू खोटं बोलतेस. मला ते ओळखू येतं, मीही पस्तीस वर्षं बोललेय. बस आणि जेव."

ती जेवली. आधी चिमणीएवढे घास घेत, जिन्याकडे बघत, आणि मग भुकेने तिची भीड मोडली तेव्हा माईंना मान फिरवावी लागली. त्यानंतर पुरुष नेहमीप्रमाणे एकेक करून येत गेले आणि पोटभर जेवून गेले. शेवटी थोरला मुलगा जेवत असताना मिस्त्री वर आले, हात धुऊन बसले आणि झाकलेलं ताट शोधू लागले.

माईंनी पातेल्यात पाणी घालून उलथणं फिरवलं. बुडाची करपलेली, चिवट खरवड सुटली ती ताटात वाढली आणि वर डाळीचं निथळून राहिलेलं पाणी घातलं.

"हे काय वाढलंस?" मिस्त्रींनी विचारलं.

"उरलं ते. तुमचं ताट आज धाकटीला दिलं."

"मला हे जेवायला घालणार तू?"

"तुमच्या नातवाला नऊ महिने हेच घातलं. आठच म्हणा, नववा लागलाच नाही." माई थांबत नव्हत्या. "थोरली नशिबाने गेली नाही. भुकेने गेली, आणि वाढणारी मी होते. तिने त्या दिवशी दोनदा भात मागितला, मी दोनदा थांब म्हणाले. तिचं उरलेलं ताटही दुसऱ्या दिवशी मीच खाल्लं. मला पित्तबित्त काही नाही."

थोरल्याचा हात ताटात तसाच राहिला. तो म्हणाला, "मला ती कधी काही बोलली नाही. मी रोज विचारायचो, जेवलीस का म्हणून."

उत्तर धाकटीने दिलं. मोठ्या दिरासमोर ती एरवी तोंड उघडत नसे.

"भावोजी, जेवलीस का विचारलं की हो म्हणायचंच असतं. काय जेवलीस, असं कुणी विचारत नाही."

थोरला उठला आणि खाली गेला. त्या दुपारी त्याच्या रंध्याचा आवाज आला नाही. मिस्त्री ताटासमोर बसून होते. त्यांनी खरवडीचा एक घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. मग त्यांनी पाण्याचं भांडं उचललं आणि तो घास पाण्याबरोबर उतरवला. दुसरा घास त्यांना घेता आला नाही. उद्यापासून नऊ वाट्या लाव, असं ते म्हणाले खरे, पण माईंकडे न बघता. माईंनी मान हलवली. नऊ वाट्यांनी धाकटी वाचेल अशी त्यांना आशा होती. कोपऱ्यातली थोरली मात्र आणखी थोडी जवळ येऊन उभी राहिली होती.

संध्याकाळी थोरला वर आला. डोळे सुजलेले होते, केसांत भुसा होता. दोष आईला द्यावा की स्वतःला, हे त्याला ठरवता आलं नसावं. तो ओट्यापाशी आला आणि थोरली जिथे उभी राहत असे नेमका तिथेच भिंतीला पाठ टेकून उभा राहिला.

"आई, आज तू काय जेवलीस?"

"झालं माझं," असं म्हणायला माईंनी तोंड उघडलं. पस्तीस वर्षांची सवय होती, शब्द ओठांवर तयार होते. ते त्यांनी गिळले.

"काही नाही," त्या म्हणाल्या.