राक्षसाच्या शिंगावरची भेग

मी एक जुना लाकडी ठसा आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर शिंगवाला राक्षस कोरलेला आहे. मी खरा ठरलो तर माझ्या मालकाच्या आजोबांचं नाव पुस्तकात येणार होतं. खोटा ठरलो तर मी शेगडीत जाणार होतो. फायदा त्याचा, जळणार मी. मग झोप कोणाची उडाली असेल?

आजोबांनी मला कोरलं तेव्हा राक्षसाचं नाक आपल्या मेव्हण्यावरून घेतलं. आजी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत! माझे छाप गोष्टींच्या पुस्तकांत गेले. मुलं घाबरून पान उलटायची आणि हळूच पुन्हा मागे यायची. तीच माझी शाबासकी.

एकदा शाई धुऊन कुणीतरी मला कडक उन्हात ठेवलं आणि शिंगावर आडवी भेग पडली. तिथे शाई लागेना; छापात पांढरी रेघ उमटू लागली. पुढच्या चित्रकारांनी नक्कल करताना ती रेघही इमानाने काढली. जाणकार म्हणाले, ही युद्धातली जखम! मी मात्र तेव्हा डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होतो.

मग या चित्रांचं मूळ शोधत एक संशोधक बाई येणार असल्याचं पत्र आलं. आदल्या दिवशी मालक भुसा आणि सरस घेऊन बसला.

"अहो, असू द्या ना तसंच," त्याची बायको म्हणाली.

"तू थांब गं. पाहुण्यांसमोर असा फुटका ठेवायचा?"

भेग बुजली. माझा जीव टांगणीला लागला, पण मला तोंड असून उपयोग काय? ते राक्षसाचं.

बाईंनी छाप घेतला, भिंगातून पाहिला. शिंग अखंड! "नाही हो, हा तो नव्हे. त्यावर रेघ हवी."

मालकाने सरसाची वाटी पायाने मागे सरकवली. शेगडी मला इथूनच दिसत होती.

"आता बोला की!" बायको कडाडली. "बाई, यांनी कालच भेग बुजवली!"

बाईंनी सुईने सरस उकरला. शेवटी माझ्या शिंगाची एक कपची उडाली. दुसऱ्या छापात रेघ तंतोतंत जुळली.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, उन्हापासून जपा; पण त्यांची खूण बुजवण्याआधी कुणाला तरी विचारा.

बाईंना मूळ सापडलं, आजोबांना नाव मिळालं, मालकाला मिरवायला गोष्ट मिळाली. शिंगाचं टोक गेलं, ते माझं.