उपवासाला दुसरा शब्द

शुभांगी शेटे धारवाडच्या मळमड्डीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची आणि भाषांतरं करायची. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही. जमिनीचे उतारे, कोर्टाचे कागद, औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, जे येईल ते. वय सेहेचाळीस. लग्न झालं नव्हतं. आजोबा तासगावाहून हुबळीला आले होते, त्यांनी बाजारात भांड्यांचं दुकान टाकलं, ते आता थोरला भाऊ पद्मनाभ बघायचा. तो आणि त्याची बायको सुमन देशपांडे नगरात राहायचे. दर रविवारी शुभांगी बसनं हुबळीला जायची, दुपारभर भावाकडे बसायची आणि न जेवता परत यायची.

त्याचं कुणाला काही वाटत नसे. तिचे उपवास त्या घरात नावाजलेले होते. गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी, आणि रविवारी सूर्यनारायणाचं काहीतरी, जे तिनं आपणहून धरलं होतं. पाहुणे आले की सुमनवहिनी कौतुकानं सांगायच्या, "आमच्या शुभाचा उपवास म्हणजे उपवास. साबुदाण्यालासुद्धा हात लावायची नाही."

बाकीचे दिवस विचारायला कुणी नव्हतं. म्हणजे विचारायचे सगळेच. धारवाडात माणूस भेटला की आधी "ऊटा आतेनु?" म्हणतो, जेवण झालं का? खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई, दूधवाला, झेरॉक्सच्या दुकानातला म्हातारा, सगळे. शुभांगी सगळ्यांना "आत्री" म्हणायची. झालं. निम्म्याहून जास्त वेळा ते खोटं असायचं, पण तेवढ्यावर कुणी थांबत नसे. लोक पुढं निघून जायचे आणि ती जिना चढून वर यायची.

जूनमध्ये तिच्याकडे एक वेगळं काम आलं. डॉ. पूजा हिरेमठ नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ दोन्ही शहरांतल्या कॉलेजच्या मुलींवर संशोधन करत होत्या. खाण्याचे विकार कुणाला होतात, कशानं होतात, धोका आधी ओळखता येतो का, असं. एकतीस प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली होती, ती मराठीत हवी होती. कन्नड दुसऱ्या कुणी तरी केलं होतं. शुभांगीनं पाच दिवसांत काम पुरं करून पाठवलं. वाचताना तिला आत काहीतरी टोचत होतं, पण वाक्यं नीट बसवायची सवय इतक्या वर्षांची, ती वाक्यं बसवत गेली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी बोलावून घेतलं. अशा कामात मराठी झालेलं पुन्हा एका तिसऱ्या माणसाकडून इंग्रजीत करून घेतात, मूळ न दाखवता, आणि दोन्ही ताडून बघतात. तीस प्रश्न जुळले होते. अकरावा जुळला नव्हता.

डॉक्टर पस्तिशीच्या असतील. बोलणं कन्नडमध्येच चाललं होतं. त्यांनी कागद पुढं सरकवला. "हे बघा, शुभांगीअक्का. मूळ प्रश्न असा, की वजन वाढू नये म्हणून किती दिवस काही खाल्लं नाही. तुम्ही 'उपवास' लिहिलंत. उलटून काय आलं, तर महिन्यात किती दिवस व्रत केलं. असं छापलं तर अर्ध्या धारवाडला हा आजार निघेल."

"दुसरा शब्द नाहीये," शुभांगी म्हणाली. "मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही."

"मग मुलगी देवासाठी उपाशी आहे की वजनासाठी, हे ओळखायचं कसं? ती स्वतः तर देवाचंच नाव सांगणार."

"सोपं आहे. देवासाठी उपवास करणारा माणूस सोडायच्या वेळेची वाट बघतो. दुसऱ्याला ती वेळ येऊच नये असं वाटतं. वेळ जवळ आली की त्याचे हातपाय गार पडतात."

डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं होतं, ते तसंच राहिलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाचलं असेल कुठंतरी."

शुभांगीनं तिथंच बसून प्रश्न नव्यानं लिहिला: जेवायची वेळ झाली होती, जेवण समोर होतं, भूकही होती, तरी अंग वाढेल या भीतीनं तुम्ही जेवला नाहीत, असं किती दिवस झालं?

"आता हे दहा-बारा मुलींपुढं वाचून बघायचं," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना काय कळलं ते फक्त विचारायचं. तुम्ही बसाल का?"

ती हो म्हणाली. का म्हणाली ते तिला पुष्कळ दिवस कळलं नाही.

कॉलेजनं एक रिकामी प्रयोगशाळा दिली होती. सहावी मुलगी आली ती प्रियांका, हुबळीची, लॅमिंग्टन रोडच्या बाजूला घर, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. उकाड्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. शुभांगी एकेक वाक्य वाचायची आणि ती भराभर अर्थ सांगायची, परीक्षेसारखा. अकराव्याला ती गप्प झाली.

"अवघड आहे का?"

"नाही. हे कुणी लिहिलं?"

"इंग्रजीत होतं. मी मराठीत आणलं."

"'भूकही होती' हे इंग्रजीत नसणार," प्रियांका म्हणाली. "लोकांना वाटतं आम्हाला भूकच लागत नाही. माझ्या आईलापण तसंच वाटतं. ते तुम्हाला कसं माहीत?"

शुभांगीच्या ओठावर उत्तर आलं होतं. पण नियम होता, आपलं काही सांगायचं नाही. तिनं वहीत 'अर्थ समजला' असं लिहिलं आणि बारावा प्रश्न वाचला. आपण नियमाच्या आड लपलो, हे लिहिताना तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी तिनं डॉक्टरांना त्या मुलीबद्दल सांगितलं. चार दिवसांनी ती राहिलेले कागद द्यायला दवाखान्यात गेली, तेव्हा प्रियांका आईबरोबर ओपीडीत आलेली दिसली. आईचे डोळे रडून रडून लाल झालेले. जाताना तिनं लेकीला स्कूटरवर मागं बसवलं, तिचे दोन्ही हात ओढून आपल्या पोटाभोवती घेतले आणि गाडी सुरू केली. शुभांगी फाटकाजवळ उभी होती. तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिला त्या पोरीचा हेवा वाटला, इतका की तिला स्वतःची लाज वाटली. ही एकोणिसाव्या वर्षी सापडली. आपणही एकोणिसाव्याच वर्षी टायफॉइडनं वाळलो होतो. अंथरुणातून उठल्यावर दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा म्हणाली होती, किती छान दिसायला लागली शेट्यांची पोर! वडील हसले होते. ते हसू पुन्हा जाऊ नये म्हणून तिनं त्या आठवड्यात पहिला गुरुवार धरला होता.

प्रियांका ओपीडीत दिसली त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी तिनं घरी उरलेला एक फॉर्म घेतला. भाषा शेवटची तपासून बघू, असं मनाशी म्हणाली आणि एकतीस प्रश्नांची उत्तरं लिहिली. एकाही ठिकाणी अडली नाही.

फॉर्म आठ दिवस उशाखाली होता. मग ती तो घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि टेबलावर ठेवला. वर नाव लिहिलेलं होतं.

डॉक्टरांनी सगळा वाचला. "मला त्या दिवशी वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही कामाला आला होतात. विचारायला धजले नाही. चुकलंच माझं."

"तुमच्या अभ्यासात कॉलेजच्याच मुली आहेत. म्हणजे मी मोजली जाणार नाही."

"अभ्यासात नाही. पण केसपेपर निघतो ना तुमचा. आजच काढू."

रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, हाडांची तपासणी झाली. हाडं सत्तरीतल्या बाईची निघाली. डॉक्टरांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. "लहान मुलींसाठी सगळ्यात चांगला उपाय म्हणजे घरच्यांनी समोर बसून जेवायला घालायचं. त्याला पुरावा आहे. तुमच्यासारख्यांवर, इतकी वर्षं काढलेल्यांवर, संशोधन फारच कमी. दर आठवड्याला बोलायला या, आहारतज्ज्ञ वेळापत्रक देतील, हळूहळू वाढवू. माणसं बरी होतात, उशिरासुद्धा होतात. पण जेवताना सोबत असली तर फरक पडतो. घरी कोण असतं?"

"कुणी नाही."

"नाही असं नाही, कुणीतरी असेल."

"नाही, डॉक्टर," शुभांगी म्हणाली, आणि तिला पहिल्यांदा रडू आलं.

पुढच्या रविवारी ती हुबळीला गेली. पानं मांडली जात होती. ती म्हणाली, "वहिनी, मलाही वाढा."

"आज रविवार ना? उपवास?"

"तो उपवास नव्हता. कधीच नव्हता."

पद्मनाभ पाटावरून वळला. तिनं टायफॉइडपासूनचं सगळं सांगितलं. बोलताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याजवळ फॉर्मवरचीच वाक्यं आहेत, दुसरी नाहीत. जेवण समोर होतं, भूकही होती, तरी.

"जेवण आहे, भूक आहे, मग खा की!" पद्मनाभ म्हणाला. रागावून नाही, खरंच न कळून. "त्याला डॉक्टर कशाला?"

"तेच जमत नाही, अण्णा."

"सत्तावीस वर्षं?"

सुमनवहिनींनी तिच्या ताटात वाढलं. मग म्हणाल्या, "मी तुझ्या नावानं लोकांना सांगत होते, शुभा. माझ्या देवासमोर बसायचीस तू. आणि मी दर रविवारी सगळं रांधून तुला नुसतं सरबत देत होते. मला एका शब्दानं सांगितलं नाहीस." त्या उठून आत गेल्या. आतून नळाचा आवाज येत राहिला, भांडी घासून झाली तरी.

शुभांगीनं वाढलेल्यातलं निम्मं संपवलं. ते कुणी बघितलं नाही. त्यानंतर कितीतरी रविवार भावाचा फोन आला नाही आणि तीही गेली नाही.

तिनं स्वतःच एक सोय केली. वेळापत्रकात दुपारी एक म्हणून लिहिलं होतं. घराजवळ जोंधळ्याच्या भाकरीची खानावळ होती, चार लांब बाकं, गल्ल्यावर एक जाडजूड अक्का. पहिल्या दिवशी शुभांगी दारातून परत आली. दुसऱ्या दिवशी ताट आलं आणि ती दहा मिनिटांत पैसे ठेवून उठली. अक्का तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, आमचं बेचव होतं का?" शुभांगी दारातच थांबली. "चव चांगली आहे. मला वेळ लागतो," ती म्हणाली. "मग लागू दे की," अक्का म्हणाली आणि तिला भिंतीकडचं टोक दाखवलं, जिथून कुणी उठवत नसे.

तिथं ती बसू लागली. समोर रोज वेगळा माणूस यायचा, कुणी वकील, कुणी बी-बियाणं घ्यायला आलेला, कॉलेजची पोरं. कुणी तिच्याकडे बघायचं नाही. भाजीत बुडवलेला तुकडा तोंडाशी नेताना हात गार पडायचे, ते कुणालाच दिसत नव्हतं. कधी पाऊण तास लागायचा, कधी दीड. ऑगस्टमध्ये वजन थोडं वाढलं, दिवाळीच्या आसपास पुन्हा उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी आठ दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. भेटायच्या वेळी शेजारच्या खाटांभोवती गर्दी व्हायची आणि शुभांगी भिंतीकडे तोंड करून पडायची. पाचव्या दिवशी, दवाखान्यातून कळवल्यावर, पद्मनाभ आला. स्टुलावर बसला, डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "सुमननं दिलंय," म्हणाला. डबा खाटेजवळ ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या टायफॉइडनंतर बाबा हसले, तेव्हा मीपण हसलो होतो, शुभा. मला आठवतंय."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सुमनवहिनींचा फोन आला. आवाज अजून जरा कोरडाच होता. "येणार आहेस का? काय करू ते सांग."

"काहीही चालेल, वहिनी."

"काहीही नको. तुला काय आवडतं ते सांग."

शुभांगी फोन धरून उभी राहिली. तिला काय आवडतं ते तिला माहीत नव्हतं. लहानपणी काहीतरी आवडत असणार. खूप आठवून पाहिलं, काही हाती लागलं नाही. पलीकडे वहिनी थांबून राहिल्या होत्या.

"माहीत नाही," ती अखेर म्हणाली.

"बरं," वहिनी म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "मग मी वांगी करते. तू खाऊन सांग, आवडली का नाही."

ती गेली, जेवली. वांगी तिला आवडली नाहीत आणि तिनं तसं सांगितलं, तेव्हा पद्मनाभ मोठ्यानं हसला आणि वहिनी रागावल्यासारखं करून तिला ताक वाढायला वळल्या. कुणी तिच्या ताटाकडे बघत नव्हतं. न बघण्यासाठी दोघं किती कष्ट घेतायत ते तिला कळत होतं.

धारवाडला परतली तेव्हा तीन वाजले होते. खोली सकाळी ठेवली तशीच होती. पोट जड होतं आणि नेहमीची भीती हळूहळू वर चढत होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, ही लवकर जाणार नाही, कदाचित कधीच पूर्ण जाणार नाही. हे कुणाला तरी सांगावं असं तिला वाटलं. कुणाला, ते सुचेना. खाली रस्त्यावर रविवारची शांतता होती. ती खुर्चीत बसून राहिली, भीती तिच्यासमोर बसून राहिली. चार वाजले तेव्हा ती उठली, आणि वेळापत्रकात लिहिलं होतं म्हणून दूध तापत ठेवलं.