रुईच्या थैल्यातला माणूस

"काडी हाय रुईत. दिसत नाही काय तुले?" थैल्याच्या पोटातून पुंजाराम ओरडला.

"मले दिसते. तुह्याच पायाले डोळे फुटले वाटते," मनकर्णा वरून म्हणाली आणि पुढची कवळभर रुई तिने नेमकी त्याच्या डोक्यावर टाकली.

अकोल्याला मोर्णेकाठच्या वखारीत हंगाम भरात होता. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई पेटली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाड्यांमागून गाड्या नदीच्या पात्रात उतरत. वखारीत लाकडी चौकटीला माणसाहून उंच थैला टांगायचा, एकाने आत उतरायचं, आणि वरून बाईने टाकलेली रुई पायांनी तुडवत थैल्याबरोबर वर यायचं. सकाळी आत गेलेला माणूस दिसत नसे. उन्हं चढली की त्याचं मुंडासं दिसे, मग खांदे, मग छाती. कापसातूनच उगवल्यासारखा.

ही जोडी कुणी हौसेने लावलेली नव्हती. पुंजाराम रिद्धपूरकडचा, महानुभाव घरातला, लोकांच्या तोंडी मानभाव; जीव मारणं त्यांच्यात वर्ज्य. हंगामाच्या पहिल्या दिवशी चौकटीपुढे देवीला बकरं कापायची वखारीची चाल. ह्याने दावं सोडलं आणि बकरं नदीकडे हाकून दिलं. माणूस दगावला तर पाप तुझ्या माथी, असं मुकादम जानरावाने सगळ्यांदेखत सुनावलं. तेव्हापासून त्याला कुणी पाणी विचारीना, त्याच्या थैल्यावर कुणी बाई उभी राहीना. मनकर्णा राहिली, कारण तिच्या जिभेपायी तिलाही कुणी जोडीला घेत नव्हतं. ती हिवरखेडची, कुणब्याची विधवा. लहानग्या लेकीला, शकुनला, दिराच्या घरी ठेवून हंगामाला आली होती. बकरं सोडल्याचा राग तिलाही होताच. ती थैल्यावर वाकून जात्यावरच्या चालीत म्हणे,

पांढऱ्या कापसात, बाई, काळा माणूस दडला,
बकरं सोडा म्हने, अन् सोताच कोंडला.

आजूबाजूच्या थैल्यांवरून हसू फुटे. आतून शिव्या येत. पण शिव्यांसोबत पावलंही येत, धप धप, धप धप, आणि त्या पावलांवरून मनकर्णेला कळू लागलं की आता रुई हवी, आता थांबायला हवं, आता त्याची कंबर धरली आहे. तो मागायच्या आत ती टाकू लागली. मग तो त्यावरूनही भांडे.

फाल्गुनात ऊन करपवू लागलं. एका दुपारी पावलं बंद झाली. रुसला असेल म्हणून तिने आणखी एक शिवी हासडली. उत्तर आलं नाही. तिने थैल्यात डोकं घातलं. धुळीशिवाय काही दिसेना. कमरेचा विळा काढून तिने थैला उभा चिरला. रुईचा लोंढा बाहेर आला आणि रुईसोबत पुंजाराम. त्याचं डोकं मांडीवर घेऊन तिने नाकातोंडातली रुई बोटाने ओढून काढली. मग सगळ्या वखारीसमोर त्याच्या गालफडात मारली. तो खोकला.

"थैला फाडला काय तू?"

"हो."

"नवा होता ना व."

वखारीने मात्र ते निराळंच पाहिलं. देवीने आपलं घ्यायला हात घातला होता, आणि ह्या रांडेने तो मधेच अडवला, असं जानराव म्हणाला. रांडमुंड बाई परपुरुषाला मांडीवर घेते, असं बाया म्हणाल्या. घाटावर तिची घागर लाथाडली गेली. दुसऱ्या दिवशी शिदोरी सोडली, तर भाकरीत कुणी हाडं घालून ठेवली होती. पुंजारामने ते पाहिलं. त्याने आपली भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढे सरकवली. ती जेवली. त्या दिवशी दोघं भांडली नाहीत, आणि दोघांनाही ते जड गेलं.

हंगाम सरत आला तेव्हा पुंजाराम थैला शिवता शिवता म्हणाला, "माह्या घरी ये."

"कायले? भांडाले?"

"हो. गावात माह्याशी कोनी भांडत नाही."

ती हसली नाही. कुणब्यांत विधवेचा पाट लागे, दुसरा घरोबा होई, त्यात चोरी नव्हती. पण पाट लावून गेलेल्या बाईचं मूल पहिल्या नवऱ्याच्याच घरी राही. ती म्हणाली, "शकुन देली त येतो. पोरगीच त हाय, देतीन ते."

परतीच्या रिकाम्या गाडीतून दोघं हिवरखेडला गेली.

दीर खुशालराव ओसरीवर बसला होता. पुंजारामला त्याने बस म्हटलं नाही. कोण, कुठला, हे विचारलं; रिद्धपूरकडचा महानुभाव म्हटल्यावर अंगणात थुंकला. मनकर्णेने आपलं म्हणणं मांडलं. तिचा आवाज एवढा खाली आलेला पुंजारामने कधी ऐकला नव्हता.

"वयनी, तुमाले जायचं त जा," खुशालराव म्हणाला. "आमी दोर नाही बांधत. पोरगी माह्या भावाची हाय. मानभावाच्या चुलीपाशी थे नाही वाढाची. अन् गेल्या त पुना या दारात तिले पाहाले येऊ नोका."

दाराआडून शकुन आईकडे बघत होती. हंगामात ती बोटभर वाढली होती.

पुंजाराम एक पाऊल पुढे आला. "भांडू काय मी याइच्याशी?"

मनकर्णेने त्याच्याकडे पाहिलं. त्याने भांडावं आणि जिंकावं, असं तिला फार वाटलं.

"नोको," ती म्हणाली. "जा तुमी."

तो वळला. तिने पदर खोचला आणि ती चुलीकडे गेली. पीठ मळायला घेतलं. शकुन येऊन पाठीला चिकटली.

"कोन होता व माय थो?"

"कामावरचा मानूस."

बाहेर कुत्री परक्या माणसावर भुंकत होती. आधी शेजारच्या बोळात. मग देवळापाशी, तिथलं लंगडं कुत्रं कसं भुंकतं ते तिला ठाऊक होतं. मग विहिरीपाशी, मग पार गावकुसाला, एक दोनच. मनकर्णेचे हात परातीत थांबले. कुत्री गप्प झाली.

तिने भाकरी तव्यावर टाकली.