देवांजवळचा दात

व्यंकोबारावांच्या माशाची चेष्टा गल्लीत जुनी झाली होती, तरी शेजारचे हनुमंतराव ती सोडायला तयार नव्हते. ओट्यावर विड्याची पानं पुसत बसलेले असले आणि व्यंकोबाराव भाजी घेऊन परतताना दिसले, की ते हमखास विचारायचे, "काय व्यंकोबा, तुमचा मासा जेवला का?"

व्यंकोबाराव हसल्यासारखं करून घरात शिरत. एकदा, फक्त एकदा, ते बोलून चुकले होते. देवमासे खाणारा तो पूर्वीचा प्रचंड शार्क खोल समुद्रात अजून कुठे जिवंत असेल, निदान नसेलच असं कुणी छातीठोक सांगू नये, असं ते त्या ओट्यावर म्हणाले होते. तेवढं एक वाक्य गल्लीला कित्येक वर्षं पुरलं.

असं का वाटतं, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. समुद्राचा तळ तपासणाऱ्या एका जहाजावर ते वीजतंत्री होते. एकदा दीड-दोन कोस खोलवरून यंत्राने खरवडून आणलेल्या काळ्या गोट्यांमध्ये त्यांना तळहाताएवढा दात सापडला. वरिष्ठांनी तो त्यांना ठेवू दिला. सुटीत घरी येताना तो पिशवीत होता. कांदासुद्धा जिथे जपून शिरे, असं ते घर. त्यात माशाचा दात नेला तर आई तो काठीने उचलून कावेरीत टाकून येईल, हे ठरलेलं. आईने विचारलं, "हे काय रे?" त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काळा दगड आहे, समुद्रातला."

समुद्रातला काळा दगड म्हणजे नारायणाचाच, असं आईने ठरवलं. शाळिग्रामांच्या ताटात नाही, पण समयांच्या शेजारी तिने त्याला जागा दिली. आई गेली, देवघर बायकोच्या, सीतालक्ष्मीच्या हाती आलं. तिलाही त्यांनी खरं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता दोघांचे केस पिकले.

आता धाकट्या भावाची मुलगी जयश्री येणार होती. ती चेन्नईला समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास करते. तिरुविडैमरुदूरला एका लग्नाला आली होती, तिथून बसने येऊन दुपारी परत जाणार. महिनाभर शब्द जुळवून व्यंकोबारावांनी तिला फोनवर विचारलं होतं, "एक काळा दात आहे माझ्याजवळ. तो तळाशी किती काळ पडून होता, हे सांगता येईल का?" ती म्हणाली होती, "बघितल्यावर सांगते, काका."

त्यांना एवढंच हवं होतं. दात फार जुना नाही, एवढं तिने म्हणावं. मग हनुमंतराव हसले तरी चालतील.

जयश्री आली, कॉफी झाली. व्यंकोबाराव देवघरात गेले आणि फुलं बाजूला सारून, चंदन पुसून दात घेऊन आले. तिने तो खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून पाहिला. 

"काका, तुम्ही काळा म्हणाला होतात."

"काळाच आहे की."

"हा राखाडी आहे. जवळजवळ पांढरा."

त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच होतं. रोज बघणाऱ्याला केस पिकताना दिसत नाहीत, तसं झालं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे दात कायम जहाजावरचाच राहिला होता.

"त्याच्यावर तेव्हा काळा थर असणार," जयश्री म्हणाली. "खोल तळाशी पडलेल्या वस्तूवर तो चढतो, अगदी सावकाश. लाखभर वर्षांत नखाच्या जाडीएवढासुद्धा नाही. त्याच्यावरूनच अंदाज करायचा असतो. थर जाड म्हणजे दात फार जुना. पुसटसा असता तर मीही कोड्यात पडले असते. हा घासलाय कुणी?"

"मी," दारातून सीतालक्ष्मी म्हणाली. हातात पळी तशीच होती. "दर गुरुवारी. समया घासते ना, त्यांच्याबरोबर. चिंच आणि काथ्या लावून."

जयश्रीने दात खाली ठेवला. "चिंचेच्या आंबटाने तो थर सुटतो, काकी."

"दगड म्हणून घासलास होय?" व्यंकोबाराव कसेबसे म्हणाले.

"दगड कुठला? नागपट्टणात वाढले मी. सुऱ्याचा, तुमच्या त्या शार्कचा, दात मला कळत नाही? शाळेच्या वाटेवर कोळणी टोपलीत सुरा मासे घेऊन बसायच्या. हा फक्त थोरला." तिने पदराने हात पुसले. "तुम्ही दगड म्हणालात, मी दगड म्हटलं. पण मांसाहारी जिवाचं हाड देवांजवळ ठेवायचं, तर निदान स्वच्छ तरी नको का? काळं काही केल्या निघत नव्हतं. सासूबाई होत्या तेव्हापासून घासत होते."

व्यंकोबाराव झोपाळ्यावर बसले. जयश्री हळू आवाजात त्यांना समजावत राहिली. तो मासा उबदार, उथळ पाण्यातला होता. खालच्या थंडीत, उपाशी काळोखात एवढं धूड जगणार कसं? शार्कचे दात जन्मभर गळतात. तो असता तर ताजे दात जागोजागी मिळाले असते. छत्तीस लाख वर्षांपूर्वीच तो संपला असं मानतात. हासुद्धा जुनाच असणार.

"असणार," व्यंकोबाराव म्हणाले. "पण आता ह्याचं सांगता येणार नाही."

"नाही, काका. ह्याचं नाही."

तिला गाडी गाठायची होती. निघताना तिने दोघांना नमस्कार केला आणि बराच वेळ काकीचा हात हातात धरला. व्यंकोबाराव तिला रिक्षापर्यंत पोचवून आले. हनुमंतरावांनी काही विचारलं, ते त्यांना ऐकूच आलं नाही.

परत आले तेव्हा सीतालक्ष्मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. दात तिच्या मांडीवर होता. करवतीसारख्या कडेवरून ती बोट फिरवत होती, पण कडेची धार कधीच गेली होती.

"हा मिळाला तेव्हा तुम्ही तिथेच होतात?"

"होतो." ते भिंतीला टेकून खाली बसले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. तार खाली सोडायलाच किती तास लागत ते, वर आलेल्या चिखलाचा वास, बर्फासारखा गार पडलेला तो दात हातात घेतल्यावर वाटलेली भीती. आणि त्या रात्रीपासून वाटू लागलेलं, की ज्याचा हा दात आहे तो आपल्या जहाजाखालून आत्ताही जात असेल. सांगताना ते मधेमधे थांबत, चुकीचं काही बोललो का, म्हणून तिच्याकडे बघत. ती ऐकत होती. चुलीवरची डाळ लागल्याचा वास आला, तरी उठली नाही.

"इतकी वर्षं हे मला का नाही सांगितलंत?"

"तू हसशील असं वाटलं."

"हसले असतेच," सीतालक्ष्मी म्हणाली. "पण घासलं नसतं."