बारपीखालची ओळ

"एजे, अगं ताई, ती प्रत नको! 'शेवटची-खरी' उघड!" फोनवर तिलेक ओरडत होता.

"तीच उघडली होती. त्यानंतर तूच 'शेवटची-खरी-दोन' पाठवलीस. तुझं शेवटचं एकदा ठरव तरी रे बाबा!" सुयुमकानने फोन आपटला आणि कपाळाला हात लावला.

गावच्या वाचनालयातल्या एकुलत्या एक संगणकावर ती सकाळपासून कुळाची वंशावळ जुळवत बसली होती. प्रती तीन. एक तिच्या दिवंगत वडिलांची, एक एशिमबेककाकांची आणि एक बिश्केकला राहणाऱ्या चुलतभावाची, या तिलेकची. प्रती शेजारी-शेजारी ठेवल्या की फरक असेल ती ओळ लाल व्हायची. पडदा नुसता लालेलाल झाला होता. जो तो आपापल्या आजोबाला थोरला करून मोकळा! दुपारी नारीन शहरातल्या छापखान्याकडे गाडी निघायची होती. शनिवारी कुळाचा मेळावा, तिथे पुस्तक घरोघर द्यायचं होतं.

"ही ओळ माझ्यातली घे," शेजारी बसलेले काका चहात तळलेला बोरसोक बुडवत म्हणाले.

ती ओळ तिच्या वडिलांच्या नावाची होती. मोल्दोकुलचा तिसरा मुलगा जुमाली. पाळण्यात असतानाच त्याला मोल्दोकुलच्या थोरल्या, मूलबाळ नसलेल्या भावाच्या, बारपीच्या ओटीत घातलं होतं. तशी रीतच होती. वडिलांच्या प्रतीत जुमाली बारपीखाली होता. काकांच्या आणि तिलेकच्या प्रतीत मोल्दोकुलखाली.

"काका, बाबांनी जाताना माझा हात धरून सांगितलं होतं, मला बारपीआतांच्या, माझ्या या बापाच्या, खालून हलवू देऊ नकोस. हलवलं तर बारपीआता पुस्तकात निपुत्रिक राहतील."

"रक्त ते रक्त! सख्खा भाऊ माझा. जन्मभर त्याला चुलतभाऊ म्हणत आलो, आता पुस्तकात तरी घरी येऊ दे की त्याला. आणि बारपी कोण मोठा लागून गेला? लंगडा मेंढपाळ!"

सुयुमकानने डोळे मिटून मनात बिस्मिल्ला म्हटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्याच लंगड्याने बाबांना पाठीवर घेऊन अख्खा हिवाळा नदी ओलांडली. शाळेसाठी."

बोरसोक विरघळून चहात पडला, तरी काकांचा हात तसाच होता.

"आम्ही चौघं भावंडं बर्फातून पायी जायचो," ते म्हणाले. "आणि हा जुमाली वरून हात हलवायचा. असा राग यायचा मला! आमच्या बापाने कधी..." पुढचं त्यांनी गिळलं. डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली. "ठेव तिथेच. बारपीखाली."

"तिलेक बोंबलेल."

"बोंबलू दे."

तिने ओळ निवडली. लाल रंग गेला. मग पुढची, तिच्या पुढची. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा पडदा पांढराशुभ्र झाला होता.

शेवटचं म्हणून तिने पुन्हा वडिलांचं पान काढलं. बारपी, त्याखाली जुमाली. त्याखाली काही नाही. मुलींची नावं वंशावळीत घालत नाहीत आणि जुमालीला ती एकटीच.

ती रिकामी जागा सकाळपासून एकदाही लाल झाली नव्हती. तिन्ही प्रतींचं तिथे पहिल्यापासून एकमत होतं.

"झालं का गं?" काकांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली आणि काकांचा गार झालेला चहा बदलायला उठली.