रिहाबचं लग्न आणि तीनशे सत्तर वॅट

"पोरी, अकरा वाजता तुझं वायफाय दगा तर देणार नाही ना?"

अम् तौहामींनी, म्हणजे तौहामीकाकांनी, तिसऱ्यांदा विचारलं. त्यांच्या डाव्या हातातून निघालेल्या नळ्या डायलिसिसच्या यंत्रात गेल्या होत्या, उजव्या हातात फोन होता. आज ल्योंच्या नगरपालिकेत त्यांच्या लेकीचं, रिहाबचं, लग्न लागणार होतं. आठवड्यातून तीनदा केरकेन्ना बेटावरून बोटीनं स्फॅक्सला येणंच या माणसाला जड जाई, तिथं फ्रान्सची काय कथा.

"मी आहे ना, अम् तौहामी," मुफीदा म्हणाली. छताला लावलेल्या वायफायच्या डब्याचा दिवा हिरवा होता. तळघरातल्या या वॉर्डात मोबाईलची रेंज येत नसे. सगळी भिस्त त्या डब्यावर.

इस्पितळाचं नेटवर्क ती बावीस वर्षं सांभाळत होती. या इमारतीतल्या वायफायच्या एकवीस डब्यांना वीज नेटवर्कच्या तारेतूनच, एकाच स्विचमधून जायची. स्विच देणार तीनशे सत्तर वॅट, त्याहून जास्त नाही. मागणी वर गेली, की ज्या डब्याचा क्रम सगळ्यांत खालचा, त्याची वीज तो आपणहून तोडायचा. आणि आज सकाळीच संचालकांनी सभागृहात आणखी एक मोठा डबा बसवायला लावला होता. मंत्रालयाची माणसं येणार होती.

"सी मोन्सेफ, स्विचवर आधीच ताण आहे," ती संचालकसाहेबांना म्हणाली होती.

"दिवा लागलाय ना? मग झालं. तुझं रडगाणं कधी संपणार?"

तिनं स्वतःच्या खोलीतला डबा बंद केला, कँटीन आणि दप्तरखान्यातल्या डब्यांची वीजमर्यादा उतरवली. आकडा साडेतीनशेवर आला. बसत होतं. तरी तिला बसवेना. स्विचच्या खोलीत जाऊन आली, सभागृहात डोकावली, पुन्हा तळघरात.

"किती फेऱ्या मारशील?" नर्स दलेंदा म्हणाली. "लग्न तुझं आहे का?"

अकराला पाच मिनिटं असताना ती पुन्हा स्विचपाशी होती. वर सभागृहात पाहुणे येऊन बसले आणि एकेकानं फोन काढले. तिच्या लॅपटॉपवर आकडा चढू लागला. तीनशे अठ्ठावन्न. सहासष्ट. एकोणसत्तर. मग एकदम तीनशे चोपन्नवर उतरला.

तिला क्षणभर हायसं वाटलं. मग कळलं, आकडा असा उतरतो तो कुठला तरी डबा बंद पडल्यावरच. तिनं यादी पाहिली. डायलिसिस. अकरा वाजून सहा मिनिटं.

क्रम तिनंच लावले होते, तीन वर्षांपूर्वी. तिथली माणसं नुसती पडून तर असतात, असं म्हणून डायलिसिसला शेवटचा दिला होता.

तिनं सभागृहाच्या डब्याची मर्यादा निम्म्यावर आणली, वॉर्डाचा क्रम सगळ्यांत वर नेला आणि जिन्यावरून धावत सुटली. खाली डब्याचा दिवा नारिंगी लुकलुकत होता. अम् तौहामी फोन तसाच तोंडासमोर धरून होते. काळ्या काचेत त्यांचाच चेहरा दिसत होता.

अकरा तेराला दिवा हिरवा झाला. फोन वाजला. लग्न लागून सगळे बाहेर आले होते. नगरपालिकेच्या पायऱ्या, हसणारी माणसं, टाळ्या. मग रिहाब, अगदी जवळून. "बाबा, पाहिलंत ना?"

"पाहिलं गं. सगळं पाहिलं."

फोन संपल्यावर मुफीदानं स्टूल ओढलं. "अम् तौहामी, नेमकं लग्न लागताना बंद पडलं ते माझ्यामुळं. मीच…"

"बस. कसं झालं ते सांगतो." त्यांनी फोन छातीवर ठेवला. "नगरपालिकेच्या साहेबानं विचारलं, तेव्हा रिहाबनं आधी खाली पाहिलं. तिच्या आईची तीच सवय. मग हो म्हणाली, हळूच. सहीच्या वेळी पेन उमटेना, तर नवऱ्यानं आपलं दिलं."

दलेंदा दारातून डोकावली. "मुफीदा, इंटरकॉम आलाय. सी मोन्सेफ भडकलेत, सभागृहात काही चालत नाहीये म्हणे."

"येते म्हणून सांग."

ती उठली नाही.

"आधी सही कुणी केली?" तिनं विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. यंत्र सावकाश फिरत होतं.

"तिनं," ते म्हणाले.